आधी पाहुणी, मग वैरीण : जुन्या मोटारीतील उष्णतेचा इतिहास

जुन्या मोटारींवर आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा मालकांविषयी असते. कोणत्या संस्थानिकाकडे कोणती गाडी होती, तिला चांदीची मूठ होती की हस्तिदंताची, ती कोणत्या लग्नाच्या वरातीत मिरवली, याची वर्णने पुष्कळ सापडतात. बॉनेटखाली काय चालले होते आणि ते चालू ठेवण्यासाठी कोणी काय केले, याची नोंद मात्र फारशी आढळत नाही. मी अभियंता नाही. पदवी वाणिज्य शाखेची. पण पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याची भंगाराची दुकाने आणि बंद पडलेल्या गॅरेजांची रद्दी यांतून गेली वीस-बावीस वर्षे मी कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या आणि मिस्त्रींच्या वह्या गोळा करत आलो आहे. त्या वाचताना एक विषय पुन्हा पुन्हा समोर येत राहिला, तो म्हणजे उष्णता. रेडिएटरच्या पाण्याची नव्हे, तर इंजिनात शिरणाऱ्या हवेची आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराची.

हा विषय वरवर केवळ तांत्रिक वाटतो. पण आज जुनी गाडी पूर्ववत करणारा माणूस जे निर्णय घेतो, त्यांतले निम्मे या इतिहासाशी जोडलेले आहेत. शिवाय त्या निर्णयांत कोणाच्या तरी फुफ्फुसांचाही प्रश्न असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

उष्णतेला आमंत्रण

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ व्हावी लागते आणि ती हवेत मिसळावी लागते. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेने भरून घेत. १८९३ साली विल्हेल्म मायबाखने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर तयार केला आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे मोटारींनी तेच तत्त्व वापरले. फवारा झाला तरी थेंबांची वाफ करण्याचे काम उरतेच, आणि त्याला उष्णता लागते. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता खर्च होते. ती आजूबाजूच्या हवेतून आणि धातूतून ओढली जाते, त्यामुळे कार्ब्युरेटर स्वतः थंड पडतो. दमट, गार हवेत त्याच्या गळ्याशी चक्क बर्फ धरतो. विमानचालकांना हा धोका चांगलाच परिचयाचा आहे.

सुरुवातीचे पेट्रोल हलके होते, चटकन उडणारे. मोटारींची संख्या वाढली तसे ते पुरेनासे झाले. तेल शुद्ध करणाऱ्यांनी मग त्यात जड, उशिरा उडणारा अंश अधिकाधिक मिसळला. विल्यम बर्टनच्या पद्धतीने जड तेलाचे रेणू तोडून पेट्रोल काढणे १९१३ पासून सुरू झाले, तरी पहिल्या महायुद्धाच्या काळात मिळणारे पेट्रोल पूर्वीपेक्षा जडच होते. थंड नळीच्या भिंतींवर त्याचे थेंब साचत, ओघळत, आणि जवळच्या सिलिंडरला जास्त तर दूरच्याला कमी इंधन मिळे.

यावरचा उपाय दारातच उभा होता. धूर बाहेर नेणारी नळी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तापून लाल व्हायच्या बेतात असते. तिची थोडी ऊब आत येणाऱ्या हवेला का देऊ नये? १९०८ पासून बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीची गरम हवा ओढून कार्ब्युरेटरला देणारी स्वतंत्र नळी होती. पुढे इनटेक मॅनिफोल्डचा तळ आणि एक्झॉस्टचा माथा एकमेकांना टेकवून मधोमध एक ‘गरम जागा’ ठेवण्याची पद्धत रुळली. अमेरिकन गाड्यांत तिथे दोन धातूंच्या पट्टीच्या स्प्रिंगवर चालणारी झडप आली. इंजिन गार असताना ती धूर इनटेकच्या तळाशी वळवी आणि तापले की आपोआप उघडून त्याला सरळ वाट देई. इंग्लंडच्या मॉरिस मायनरमध्ये तर दोन्ही मॅनिफोल्ड बिडाच्या एकाच ओतकामात होते.

थोडक्यात, जुन्या इंजिनात कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला दिसतो, तो आराखडा करणाऱ्याच्या अडाणीपणामुळे नव्हे. उष्णतेला तिथे आमंत्रण देऊन आणलेले होते.

बर्मिंगहॅमचे इंजिन, उत्तरपाड्याची गाडी

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसिडर १९५७ साली पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनू लागली. ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची बहीण. दोन वर्षांत तिला १४८९ सीसीचे, वर व्हॉल्व्ह असलेले इंजिन मिळाले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले हे इंजिन. याच क्षमतेचे याच मालिकेतले इंजिन एमजीए या खुल्या स्पोर्ट्स गाडीत होते, आणि त्याचेच मोठे, १७९८ सीसीचे रूप १९६२ ते १९८० या काळातल्या एमजीबीत. म्हणजे आपल्या सरकारी पांढऱ्या गाडीचे आणि इंग्लंडमधल्या हौशी तरुणांच्या लाल गाडीचे हृदय एकाच घराण्याचे.

या इंजिनाच्या हेडमधील ज्वलनकक्षाला बदामाचा आकार आहे. ती हॅरी वेस्लेक या इंग्रज तज्ज्ञाची देणगी. पण आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती तोंडांची मांडणी. चार सिलिंडरना आत येण्यासाठी दोनच तोंडे, कारण पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा यांची वाट सामाईक. बाहेर जाण्यासाठी तीन. पहिल्याची आणि चौथ्याची वेगळी, तर दुसऱ्या-तिसऱ्याची मधली सामाईक. ही पाचही तोंडे हेडच्या एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर. मधल्या तोंडातून दोन सिलिंडरांचा धूर जात असल्याने ती जागा सर्वांत तापते, आणि कार्ब्युरेटरचा संसार नेमका तिच्या आसपास.

जानेवारीतल्या बर्मिंगहॅममध्ये ही मांडणी वरदान होती. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा बोरघाटाच्या चढावर तीच शाप ठरली. याच सुमारास इतर आराखडेही होते. जग्वारच्या १९४८ सालच्या एक्सके इंजिनात हवा एका बाजूने आत येई आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर जाई. इंग्लंडच्या फोर्डने आपल्या छोट्या इंजिनात ही आरपार रचना १९६७ साली आणली. ‘बी’ मालिका मात्र शेवटपर्यंत एकाच बाजूने श्वास घेत आणि सोडत राहिली.

ओल्या फडक्याचे शास्त्र

हवा गरम झाली की विरळ होते. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. सिलिंडरमध्ये प्राणवायू तितका कमी आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात कमी. चालकाला हे ‘गाडी ओढत नाही’ एवढ्याच रूपात जाणवते. त्याहून मोठी पंचाईत पेट्रोलच्या उकळण्याची. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेकांचे मिश्रण आहे, आणि त्यातला सर्वांत हलका अंश ३५-४० अंशांच्या आसपासच उडू लागतो. आपल्या उन्हाळ्यात तेवढे तापमान सावलीतही असते.

इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप, ज्याला आपले मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणतात, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. (एसी ही अल्बर्ट चँपियन या उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे, कंपनीचे नाव वस्तूला चिकटले.) ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंपाचा पडदा नुसती वाफ दाबत-सोडत बसतो; पेट्रोल पुढे सरकत नाही. इंग्रजी पुस्तिका याला वाफेचा अडथळा म्हणतात, आपल्या गॅरेजात तो ‘एअर लॉक’. गाडी घाटात उभी राहते, चालक बॉनेट उघडतो, बाटलीतले पाणी फडक्यावर ओततो आणि ते पंपावर गुंडाळतो. फियाट, ॲम्बेसिडर किंवा जीप चालवलेल्या पिढीतल्या कोणालाही हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

या युक्तीकडे आपण अनेक वर्षे ‘जुगाड’ म्हणून पाहिले. आकडे मांडून पाहिले तर ती उत्तम भौतिकशास्त्र ठरते. एक ग्रॅम पाणी फडक्यावरून उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला ३५० ज्यूल पुरतात. म्हणजे फडक्यातून उडालेले एक ग्रॅम पाणी जवळजवळ सात ग्रॅम पेट्रोलला उकळण्यापासून वाचवू शकते. माझ्याकडच्या एकाही छापील पुस्तिकेत हा उपाय नाही; तीन मिस्त्रींच्या वह्यांत आहे.

दुसरा त्रास गाडी थांबवल्यावरचा. इंजिन बंद केले की पंखा थांबतो, पाण्याचे फिरणे थांबते, समोरून येणारा वाराही थांबतो. पण बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता कुठेतरी जाणारच. ती वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळवते. म्हणून चहाला थांबलेली गाडी दहा मिनिटांनी चालू होत नाही आणि तासाभराने मुकाट चालू होते.

शत्रूशी सामना

पुढचा अध्याय या उष्णतेला अडवण्याचा. त्याची तीन साधने होती आणि तिन्ही उष्णतेच्या तीन वाटांशी जुळतात.

पहिली वाट धातूतून धातूत. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये जाड, उष्णता न वाहणारा ठोकळा घालणे हा तिच्यावरचा उपाय. लिओ बेकलंडने १९०७ साली शोधलेल्या बेकेलाइटच्या जातीचे पदार्थ इथे उपयोगी पडले. ॲल्युमिनियम त्यांच्यापेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहते. जुन्या गाडीत हा तपकिरी ठोकळा फुटलेला दिसला की ‘जाड गॅस्केट’ समजून त्याजागी कागदी गॅस्केट बसवणारे आजही भेटतात.

दुसरी वाट प्रारणाची. योझेफ श्टेफान यांनी १८७९ साली दाखवले की तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. याचा व्यवहारातला अर्थ असा : ५०० अंशांचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॉट उष्णता फेकतो, तर ३०० अंशांचा अवघा ६. पृष्ठभागाचे तापमान थोडे उतरवले तरी लाभ मोठा. मधे पातळ पत्रा उभा केला तर तत्त्वतः ही देवघेव निम्म्यावर येते आणि पत्रा चकचकीत असेल तर आणखी घटते. मात्र पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. एमजीबीच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांमागे असा पत्रा कारखान्यातूनच येई.

तिसरी वाट हवेची. मॅनिफोल्डला टेकून तापलेली हवा फिल्टरच्या तोंडाशी जाऊ न देणे, हे काम नळीने आणि फिल्टरच्या दिशेने होते. अनेक युरोपीय गाड्यांच्या एअर फिल्टरला उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खुणा असत. तोंड फिरवले की हवा बाहेरून येई किंवा एक्झॉस्टच्या जवळून. गंमत म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत धुराविषयीचे कायदे कडक झाले तेव्हा मॉडेल टीची गरम नळी आपोआप उघडणाऱ्या झडपेसह परत आली, कारण गार इंजिनात न जळलेले पेट्रोल धुरावाटे बाहेर पडत होते. वैरीण पुन्हा पाहुणी झाली.

पांढऱ्या दोरीचा हिशेब

इथपर्यंतचा इतिहास बुद्धीला सुखावणारा आहे. पुढचा तसा नाही. उष्णता अडवण्यासाठी विसाव्या शतकाने सर्वांत मोकळ्या हाताने जो पदार्थ वापरला तो ॲस्बेस्टॉस. एक्झॉस्टची गॅस्केटे, उष्णतारोधक पत्र्यावरचे अस्तर, सायलेन्सरच्या नळीवर गुंडाळायची पांढरी दोरी, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर, सगळीकडे तोच. एमजीबीच्या त्या पत्र्यावरही त्याचाच थर होता.

त्याचा धोका अचानक कळला असे नाही. लंडनच्या डॉ. मरे यांनी १८९९ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातला एक रुग्ण तपासला होता. रॉचडेलच्या कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ १९२४ साली मरण पावली आणि तिच्या फुफ्फुसांतील धाग्यांचे वर्णन ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनने नियम केले. १९६४ साली डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या उष्णतारोधनाच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानंतर शंका उरली नाही. तरी ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी यायला १९९९ उजाडले. म्हणजे ज्या गाड्यांना आपण ‘क्लासिक’ म्हणतो, त्या जवळजवळ सगळ्या धोका माहीत झाल्यानंतर बनलेल्या आहेत.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवायला सांगितले. ४० वर्षे अशासाठी की हा रोग दोन ते चार दशके दबा धरून बसतो. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. आणि हे आदेश कारखान्यांसाठी. रस्त्याकडेच्या गॅरेजातला फिटर कोणत्या नोंदवहीत असतो?

ज्यांच्या वह्यांमुळे मी हा विषय शिकलो, त्यांतले एक मिस्त्री एक्झॉस्टची दोरी दातांनी तोडत आणि जुने गॅस्केट ब्रशने खरवडून हवेच्या पाइपने उडवत. शेवटची सहा वर्षे त्यांना जिना चढवत नव्हता. दवाखान्याच्या कागदावर ‘जुनाट खोकला’ एवढेच लिहिले होते. विडीही ओढत असत, त्यामुळे काय कशाने झाले हे मला सांगता येणार नाही, आणि कोणी तपासलेही नाही. पण त्यांच्या वहीत ‘दोरी, ३ वार’ अशा नोंदी तीस वर्षांच्या आहेत.

म्हणून आज जुने इंजिन उघडणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. १९८०-९०च्या आधीचे करडे-पांढरे गॅस्केट, दोरी किंवा पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चला. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते. कोरडे खरवडू नका, हवेने उडवू नका. पाण्याने पूर्ण भिजवा, योग्य प्रतीचा मुखवटा लावा, निघालेला माल ओला असतानाच दुहेरी पिशवीत बंद करा आणि घातक कचरा म्हणून द्या. पोराला झाडायला सांगू नका. नवी सिरॅमिक धाग्याची चादरही सर्वस्वी निर्धोक नाही. तिच्या काही प्रकारांना कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत घातलेले आहे.

आजचे प्रश्न

आता पर्याय आहेत. काचेच्या किंवा बेसॉल्टच्या धाग्यांची पट्टी मिळते. पण ती नळीवर गुंडाळली की ओलावा आत अडकतो, धातूचे तापमान वाढते आणि साध्या पोलादाची नळी गंजून चिरते. धातूवर पक्का बसणारा सिरॅमिक लेप अधिक बरा. अशा लेपांवर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या एक्झॉस्टसाठी मोठे काम झाले. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड असेल तर मी लेपाच्याच बाजूचा आहे.

मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ठिणगी उशिरा पडत असेल तर ज्वलन लांबते आणि नको इतकी उष्णता धुराबरोबर जाते. अशा गाडीला लेप देणे म्हणजे तापावर पांघरूण घालणे. दुसरे, गरम जागेची झडप गंजून बंद स्थितीत अडकली आहे का ते तपासावे. ती उखडून टाकणे मात्र टाळावे. दिल्लीच्या किंवा नाशिकच्या थंडीत सकाळी इंजिन अडखळते तेव्हा तिची किंमत कळते.

पेट्रोलही बदलले आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि शिशाच्या आधाराने टिकणाऱ्या जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका उघड्या पडल्या. आता इथेनॉल आहे. १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले. आपल्या उसाच्या पट्ट्याला त्याचा आधार आहे, त्यामुळे महाराष्ट्राने त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जुन्या इंजिनाच्या दृष्टीने ते वेगळे इंधन आहे. थोडे इथेनॉल मिसळले की पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे वाफेचा अडथळा लवकर येतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. जुने रबर फुगते. उष्णतेचे व्यवस्थापन त्यामुळे आता हौसेचा भाग राहिलेले नाही.

शेवटचा प्रश्न अस्सलपणाचा. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आणि गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरबदल नसावेत अशी अट घातली. ती योग्यच आहे. पण मूळ रूपाचा अर्थ मूळ ॲस्बेस्टॉस असा कोणी घेऊ नये. आकार, जागा, रंग मूळचे ठेवून आतला पदार्थ बदलता येतो. एखाद्या स्पर्धेत परीक्षक जुन्या दोरीला गुण देत असतील तर ते गुण कोणाच्या तरी श्वासातून वजा होतात, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ॲम्बेसिडर २०१४ पासून बनत नाही. गाड्या जपायला संग्राहक आहेत. त्या चालत्या ठेवणाऱ्यांच्या वह्या जपायला कोणी नाही. तेलाचे डाग पडलेल्या, मोडी-मराठी-उर्दू-इंग्रजी आकड्यांच्या सरमिसळीच्या या वह्यांत कोणत्या घाटात कोणता जेट चालला, कोणत्या महिन्यात कोणता ठोकळा लावला आणि किती वार दोरी लागली हे सारे आहे. आपल्या गावातले एखादे जुने गॅरेज बंद होत असेल तर वाचकांनी रद्दीवाल्याच्या आधी तिथे पोहोचावे, आणि वही मागताना ती लिहिणाऱ्याची तब्येत कशी आहे हेही विचारावे.